चिलखत आणि चपळाई



वसंतातल्या व्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याची मोठी पंचाईत होते. विषय फार जड घ्यावा तर श्रोते घरी जाऊन कूलरसमोर बसतात. फार हलका घ्यावा तर चिटणीसांच्या कपाळाला आठी पडते. म्हणून आम्ही यंदा जडपणा हाच विषय घेतला आहे. अंगावर जड चिलखत चढवले म्हणजे माणसाच्या अंगच्या कसबाचे काय होते, एवढाच आमचा प्रश्न आहे. केळापूर तालुक्यात चिलखताशी कोणाचा काय संबंध, असे कोणी मनात म्हणेल; त्याने थोडा धीर धरावा.

हा प्रश्न आम्हांला कोणत्याही बखरीत भेटला नाही. तो आमच्या घरच्या ओसरीवर भेटला. गेल्या दिवाळीत पुतणे-भाचे जमले होते आणि एक नवाच खेळ मांडून बसले होते. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत म्हटले तरी चालेल. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. त्याचे बळ, चपळाई, बुद्धी यांचे आकडे कागदावर मांडायचे, आणि मग एक सूत्रधार गोष्ट सांगत जातो तसतसे आपल्या पात्राने काय केले ते बोलायचे. जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रथम छापला आणि त्याची संतती आज संगणकावर आणि फोनवर सर्वत्र पसरली आहे.

मुलांचे भांडण जुंपले होते. एकाच्या योद्ध्याच्या अंगावर नखशिखांत पोलादी चिलखत होते आणि त्याला रात्रीच्या अंधारात गडाचा तट चढायचा होता. सूत्रधार म्हणे, "फाशाच्या दानातून सहा वजा कर." योद्धा म्हणे, "मुळीच नाही, ते जुने नियम झाले!" शेवटी प्रकरण आमच्यापुढे आले. "काका, तुम्ही एवढा इतिहास वाचता, तुम्हीच सांगा. चिलखत घालून तट चढता येतो की नाही?"

आम्ही उत्तर दिले नाही. नियमांची पुस्तके मात्र मागून घेतली आणि दोन रात्री वाचली. वाचल्यावर असे दिसले की दोन्ही मुले खरे बोलत होती. या खेळाच्या २००३ सालच्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चिलखताला एक वजाबाकी लावून दिलेली आहे. चामड्याच्या चिलखताला शून्य. कड्यांच्या पूर्ण बख्तराला पाच. नखशिखांत पोलादाला सहा. चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, लपणे, पावलांचा आवाज न करता चालणे, या साऱ्या कसबांतून ती वजा होते, आणि पोहताना तर दुप्पट. पुढे २०१४ च्या आवृत्तीत ही सारी वजाबाकी काढून टाकली गेली. तेथे पोलादी चिलखतवाल्याला लपतछपत जाणे तेवढे अवघड केले आहे: फासा दोनदा टाकायचा आणि कमी पडेल ते दान आपले. शिवाय त्या चिलखताला लागेल इतके बळ अंगी नसेल तर चालीचा वेग घटतो. आणि ज्याला ते चिलखत वापरण्याची तालीमच नाही त्याने ते घातले, तर बळाचे आणि चपळाईचे प्रत्येक काम त्याला जड जाते. मांत्रिक असेल तर मंत्रही चालत नाही.

खेळ म्हणून सोडून द्यावे असे हे नाही. वजन किती हा एक प्रश्न, आणि वजन पेलण्याची तालीम किती हा दुसरा. हे दोन प्रश्न निराळे आहेत हे या खेळ रचणाऱ्यांनी ओळखले, त्याबद्दल आम्ही त्यांना मनापासून दाद देतो. आपल्याकडे मोठमोठ्या इतिहासप्रेमी मंडळींनीही या दोन प्रश्नांची गल्लत केलेली आम्ही पाहिली आहे.

प्रथम वजनाचे पाहू. इंग्लंडातील लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधराव्या शतकातील युरोपीय चिलखतांच्या हुबेहूब प्रतिकृती, वजन तीस ते पन्नास किलो, सरावाच्या माणसांच्या अंगावर चढवून त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवले, पळवले आणि त्यांचा श्वास मोजला. चालताना त्यांची शक्ती बिनचिलखती चालीच्या दुपटीहून अधिक खर्च होत होती. पळताना दुपटीला थोडी कमी. यातली खरी गोम वेगळीच आहे. तेवढेच ओझे पाठीवर बांधले असते तर इतका खर्च आला नसता. चिलखताचे वजन हातापायांवरही असते, आणि प्रत्येक पावलागणिक पायावरचे पोलाद उचलून पुढे टाकावे लागते. दुसरे असे की छातीवरच्या पत्र्यामुळे छाती फुगत नाही. श्वास खोल घेता येत नाही म्हणून तो भराभर आणि उथळ चालतो. शेतकऱ्याला हे प्रयोगाने सांगायला नको. डोक्यावरचा भारा आणि चिखलाने लडबडलेला पाय यांतला फरक त्याला पहिल्या पावसातच कळलेला असतो.

आता तालमीचे. फ्रान्सचा मार्शल बूसिको हा चौदाव्या-पंधराव्या शतकातील नावाजलेला योद्धा. त्याच्या चरित्रात असे नमूद आहे की तो चिलखत घालून कोलांटी मारीत असे, आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या खालच्या अंगाने नुसत्या हातांवर वर जात असे. चरित्रकाराने थोडे मीठमसाला लावले असेल असे समजू. तरीही लहानपणापासून पोलाद अंगावर वागवलेल्या माणसाला ते दुसऱ्या कातडीसारखे होते हे मान्य करावे लागते. तेव्हा आमच्या ओसरीवरच्या योद्ध्याचा पक्ष अगदीच लंगडा नाही. पण याच बूसिकोची पुढची हकीकतही ऐका. १४१५ साली अझँकूरच्या लढाईत पावसाने भिजलेल्या, नांगरलेल्या शेतातून फ्रेंच सरदार चिलखतांसह चालत इंग्रजांवर गेले. चिखलात पाय रुतले, धाप लागली, गर्दी झाली, आणि त्यांच्याहून थोड्या असलेल्या इंग्रजांनी त्यांचा फडशा पाडला. बूसिको त्या दिवशी कैद झाला आणि १४२१ साली इंग्लंडात कैदेतच वारला. शिडी चढणारी तालीम चिखलापुढे चालली नाही. नियमांच्या पुस्तकात चिखलाचा आकडा आम्हांला सापडला नाही. तो सूत्रधाराच्या अकलेवर सोडलेला असावा.

युरोपात फार रमण्याचे कारण नाही. आपल्या घरी याहून चांगली उदाहरणे आहेत.

मराठ्यांविषयी एक सरधोपट समजूत आहे: मोगल जड म्हणून हरले, मराठे हलके म्हणून जिंकले. तीत तथ्य आहे, पण ती जशीच्या तशी गिळण्यासारखी नाही. मराठ्यांकडे चिलखते नव्हती असे नव्हे. सरदार मंडळी बख्तर घालीत, जिरेटोप घालीत. 'जिरे' हा शब्दच मुळी फारसी 'झिरह' म्हणजे कड्यांचे बख्तर यावरून आलेला. खुद्द शिवाजी महाराज १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटले तेव्हा अंगरख्याखाली बख्तर आणि मंदिलाखाली लोखंडी टोप होता, असे इतिहासकार सांगतात. आता विचार करा. भेट मिठीची होणार, अंतर शून्य, घाव आला तर चुकवायला जागा नाही. तेथे चपळाईपेक्षा संरक्षणाचे मोल जास्त. म्हणून चिलखत, पण तेही वरून न दिसणारे आणि हात मोकळे ठेवणारे. कोणत्या कामाला किती लोखंड, याचा हा चोख हिशेब होता.

हाच हिशेब पुढे साडेतीन वर्षांनी नेमका उलटा मांडलेला दिसतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शिरायचे होते. रमजानचा महिना, मुदपाकखान्याच्या बाजूने भिंत फोडून आत जायचे, अंधारात जनानखाना ओलांडायचा, आणि काम होताच पसार व्हायचे. येथे लोखंडाच्या कड्यांची एक किणकिण म्हणजे मरण. शाएस्ताखानाची बोटे गेली, पण महाराज निसटले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्याचा कडा चढवला तो निवडक मावळ्यांसह, दोरांच्या साह्याने. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला तोही असाच रात्री, कडा चढून. चढणे, लपणे, आवाज न करणे: पोरांच्या पुस्तकात ज्या कसबांतून सहा वजा होतात नेमकी तीच ही कसबे. ज्यांचे सारे यश या कसबांवर अवलंबून, त्यांनी अंगावर पोलाद का चढवावे?

पण घोडेस्वाराचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हांला या विषयात सर्वांत गोडी तेथेच वाटते. स्वाराचे ओझे स्वार वाहत नाही, घोडा वाहतो. भीमथडीचे तट्टू काटक खरे, पण अंगाने लहान. त्याच्या पाठीवर ठरावीक वजनच बसते. त्यात बख्तर, वर घोड्याला पाखर, असे घातले की तेवढा दाणा, तेवढी भाकरी, तेवढे पाणी कमी झाले. म्हणजे चिलखत केवळ हातापायांचे कसब कमी करते असे नव्हे, ते मजलही कमी करते. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावाने पालखेडला निजामाला कोंडले ते झुंजून नव्हे. पुण्याच्या बाजूला गुंतलेल्या निजामाला त्याने लांबलांबच्या मजलांनी गुजरात-खानदेशाकडे ओढत आणले. निजामाचा तोफखाना मागे पडला आणि शेवटी पाणी आणि रसद तोडून त्याला गाठले. पाठीवरचे प्रत्येक शेर वजन वाचवलेले होते म्हणून हे जमले. आणखी एक बारकावा आहे. बारगिराचा घोडा सरकारी, पण शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा पडला की त्याचे पोट पडले. असा माणूस समोरासमोर भिडणार नाही, फिरून मारील, घोडा जपील. तेव्हा मराठी स्वार हलका होता यामागे केवळ युद्धनीती नव्हती, संसारही होता.

हे पाहिल्यावर चिलखत म्हणजे भेकडाचे लक्षण आणि उघडी छाती म्हणजे मर्दुमकी, हे व्यासपीठावरचे आवडते वाक्य आम्हांला उच्चारवत नाही. उलट एका गोष्टीकडे आम्ही तुमचे लक्ष वेधतो. तिच्यात तुमचा या तालुक्याचा थोडा अभिमानही सुखावेल. या देशात लोखंडाखेरीज दुसरे एक चिलखत सर्रास चालत असे, ते कापसाचे. रुई भरून, जवळजवळ टाके घालून शिवलेला जाड डगला मराठी शिपायांच्या अंगावर असे. टिपू सुलतानाच्या सैन्यातील अशा सुती टोपांचे आणि पट्ट्यांचे नमुने इंग्लंडातील संग्रहांत आजही आहेत. सोळाव्या शतकात मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश शिपायांनी तर तेथील लोकांची कापसाची बंडी पाहिली आणि कित्येकांनी आपले पोलाद सोडून तीच घातली. तलवारीची धार रुईच्या थरांत अडकते, बाणाचा जोर मरतो, आणि मुख्य म्हणजे अंग वाकते. ज्या काळ्या मातीत तुम्ही आम्ही बसलो आहोत तिच्यातून निघणाऱ्या वस्तूचे हे चिलखत! वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आम्ही पुष्कळ वाचला आहे; त्यात सरकी आहे, जिनिंग आहे, मँचेस्टर आहे, पण हा डगला क्वचितच येतो. कोणा तरुणाने या विषयावर प्रबंध लिहावा, अशी आमची इच्छा आहे.

आता याच भूमीवर घडलेली एक गोष्ट. १८१८ च्या एप्रिल महिन्यात दुसरा बाजीराव या मुलखात होता. खडकी झाली, कोरेगाव झाले, २० फेब्रुवारीला अष्टीस बापू गोखले पडले. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना मिळावे म्हणून पेशवा चांद्याच्या रोखाने निघाला आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात येऊन अडकला. एका अंगाने कर्नल स्कॉटची फौज, दुसऱ्या अंगाने कर्नल ॲडम्सची. स्कॉटला चुकवावे म्हणून तो वळला आणि १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळच्या शिवणीस नेमका ॲडम्सच्या घोडदळापुढे आणि घोड्यांनी ओढायच्या तोफांपुढे येऊन पडला. तोफा गेल्या, हत्ती-उंट गेले. पेशवा घोड्यावर बसून निसटला. पुढे ३ जूनला तो माल्कमच्या स्वाधीन झाला.

या लढाईकडे आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. तीच हलकी घोडदौड, तोच मुलूख तुडवणे, तीच हुलकावणी. पालखेडला जी विद्या होती तीच येथे आहे. पण तेव्हा ती शत्रूला दमवण्यासाठी होती, आता स्वतःचा जीव वाचवण्यासाठी. आणि हलकेपणाही नावापुरताच उरला होता, कारण बरोबर खजिना होता, हत्ती होते, कुटुंबकबिला होता. अंगावर चिलखत नसले तरी फौजेच्या अंगावर ते असू शकते. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेभोवती बाजारबुणग्यांचे आणि यात्रेकरूंचे जे कडे पडले होते तेही एक चिलखतच, आणि तेही असे की ज्याने रक्षण काडीचे केले नाही, वजन मात्र पुरेपूर घातले. १७ एप्रिल ही तारीख या तालुक्यात कोणी पाळीत नाही. पराभवाच्या तारखा पाळण्याची आपल्याकडे रीत नाही हे ठीक. निदान शिवणीवरून जाताना गाडीतल्या मुलाला एवढे सांगायला हरकत नसावी.

येथे क्षणभर पुराणात डोकावतो. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर एक अभेद्य कवच बांधून देतात. अर्जुनाचे बाण त्यावरून निसटू लागतात. कृष्ण नवल करतो. अर्जुन म्हणतो की कवच गुरूंचे आहे, पण ते घालून लढावे कसे हे याला ठाऊक नाही. आणि मग तो दुर्योधनाचे उघडे राहिलेले तळहात वेधतो. खेळाच्या पुस्तकातला तालमीचा नियम यापेक्षा निराळा काय सांगतो? आणि तळहात! चिलखत कितीही झाकले तरी ज्या हातांनी काम करायचे ते शेवटी उघडेच राहतात. वजनच नसलेले एक कवचही आपल्याकडे आहे. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेपुढे जे देवीकवच म्हटले जाते त्याने कोणाच्या चपळाईतून काही वजा होत नाही. त्याचा उपयोग किती, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. आम्ही त्यात पडत नाही.

तळहातांचा विषय निघाला म्हणून आता मूळ मुद्द्यावर येतो. खरे तर याच्यासाठीच आम्ही येथवर वळसे घेत आलो.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या उकाड्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यांत पडली. डोळ्यांपुढे अंधारी, ओकारी, श्वास कोंडणे. या सभेत असे कोणी बसलेले असतील की ज्यांच्या गावात, ज्यांच्या घरात हे घडले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर गेली होती असे पुष्कळांनी सांगितले; म्हणजे फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच तोंडावर उतरायचा. चौकश्या झाल्या, समिती नेमली गेली, निरनिराळी औषधे एकत्र मिसळण्याबद्दल बोलले गेले, आणि एक वाक्य वारंवार ऐकू आले: "मजुरांनी संरक्षक साधने वापरली नाहीत." पुढे हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, टोपी, अंगरखा असे संच वाटले गेले. ते पुष्कळ घरांत खुंटीला लटकलेले दिसतात.

वापरली नाहीत, हे खरे. का वापरली नाहीत, हा चिलखताचा प्रश्न आहे, आणि आमच्या मते तो त्याच दृष्टीने कोणी पाहिला नाही.

हिशेब मांडू. फवारणीचा पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा असतो. पाणी भरले की सोळा किलो ते झाले, वर पंपाचे स्वतःचे वजन. म्हणजे जुन्या काळच्या कड्यांच्या बख्तराहून हे ओझे कमी नाही, झाले तर जास्तच. फरक इतकाच की बख्तराचे वजन अंगाचे रक्षण करीत असे आणि हे वजन अंगावर विष गाळते. चिलखताचा सारा तोटा, आणि फायदा शून्य! हे ओझे पाठीवर घेऊन माणूस ढेकळांतून किंवा चिखलातून चालतो, एका हाताने दांडा हालवतो, दुसऱ्या हाताने नळी धरतो. भाद्रपद-आश्विनातले ते ऊन, जमिनीतून निघणारी वाफ. अशा माणसाला आपण सांगतो की याच्यावर आणखी एक न वाहणाऱ्या हवेचा अंगरखा घाल आणि नाकातोंडावर पट्टी बांध. लीड्सच्या प्रयोगातल्या माणसांचा श्वास छातीवरच्या पत्र्याने कोंडला होता. आमच्या मजुराचा पट्टीने कोंडतो. घामाने चष्म्यावर धुके येते आणि ओळ दिसत नाही.

आणि हातमोजे. नळीच्या तोंडाशी कचरा अडकला की ते बारीक तोंड उघडून साफ करावे लागते. जाड मोज्यात ते होत नाही. मग मोजा काढायचा. एकदा काढलेला मोजा आतून भिजला की तो पुन्हा घालणे म्हणजे विषात हात घालून वर झाकण लावणे. कित्येक जण तर नळीचे तोंड ओठांना लावून फुंकर मारतात. हे अडाणीपण नव्हे. हातात जेवढे कसब शिल्लक आहे तेवढ्यात काम उरकण्याची ती धडपड आहे. पंपामागे मजुरी ठरली असेल तर वेग घटला की मजुरी घटली. शिलेदाराचा घोडा पडण्याचीच ती गोष्ट.

हा अनुभव फक्त शेतमजुराचा आहे असेही नाही. २०२० च्या साथीत नखशिखांत झाकलेल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी हेच सांगितले. दुहेरी मोज्यांतून रोग्याची शीर हाताला लागत नाही, चष्म्यावर धुके येते, पाणी प्यायला उठता येत नाही. त्यांना कोणी निष्काळजी म्हटले नाही. उलट किती वेळाने पाळी बदलावी, कपडे कोणत्या क्रमाने उतरवावे, याचे नियम ठरले, तालीम दिली गेली. सैन्यातही तसेच. गोळी अडवणारे जाकीट एक किलोने हलके व्हावे म्हणून सरकारी प्रयोगशाळा वर्षानुवर्षे खपतात. संरक्षण संशोधन संस्थेने दिल्लीच्या आयआयटीबरोबर तयार केलेली 'अभेद' नावाची जाकिटे २०२४ साली जाहीर झाली; त्यांचे सर्वांत कमी वजन ८.२ किलो सांगितले गेले. सैनिकाच्या अंगावरचा एक किलो कमी व्हावा म्हणून एवढा खटाटोप होतो हे योग्यच आहे. पण फवारणाऱ्याच्या पाठीवरचा एक किलो कोणाच्या प्रयोगशाळेत मोजला जातो?

तुम्ही विचाराल, मग करावे काय? आमच्याजवळ जादूचा तोडगा नाही. साध्या सुती कपड्याने भागेल असेही आम्ही म्हणत नाही; सुती कपडा विष शोषून घेतो, भिजला की अंगाला चिकटून तेच विष कातडीत उतरवतो, आणि घरच्या धुण्यात टाकला तर बायकापोरांपर्यंत पोचवतो. पण कामाप्रमाणे चिलखत निवडावे, ही प्रतापगडची आणि लाल महालाची रीत येथेही लागू पडते. औषध कालवताना ते सर्वांत तीव्र असते. तेथे चालायचे नसते, ओझे नसते, तेथे जाड मोजे, चष्मा, पुढे एप्रन, सारे घालावे. फवारताना अंगाचा जो भाग भिजतो तो झाकावा: पाठ, जिथे पंप गळतो, मांड्या, जिथे ओली पऱ्हाटी घासते. नळीचे तोंड साफ करायला दोरीने बांधलेला एक जुना दातांचा ब्रश पंपालाच लटकवावा म्हणजे बोटांची आणि ओठांची गरज उरत नाही. वारा पाठीमागून घ्यावा. सकाळी ऊन चढायच्या आत थांबावे, आणि अर्ध्या दिवसाला पुऱ्या दिवसाची मजुरी द्यावी. हे शेवटचे कलम ऐकून समोरच्या दोघातिघा बागायतदारांनी मान फिरवली, ती आम्ही पाहिली आहे.

आता एक शेवटची विनंती. व्यासपीठाच्या डाव्या बाजूस आम्ही एक पंप ठेवला आहे. त्यात पंधरा लिटर साधे पाणी आहे, काळजी नसावी. शेजारी एक नवा कोरा संच आहे: अंगरखा, मोजे, चष्मा, पट्टी. आणि एका बशीत सुई व दोरा ठेवला आहे. ज्यांना हौस असेल त्यांनी हा संच अंगावर चढवावा, पंप पाठीवर घ्यावा, मंडपाला तीन फेऱ्या घालाव्या आणि मग सुईत दोरा ओवून दाखवावा. ओसरीवरच्या आमच्या योद्ध्याने आणि सूत्रधारानेही आज येथे येण्याचे कबूल केले होते; ते मागे उभे आहेत असे दिसते. त्यांची पाळी आधी. त्यानंतर, जर हरकत नसेल तर, अध्यक्षमहाराजांची.